उजनीचा मासा, अकलूजची वाइन आणि घरचे ताट

बार्शी हे समुद्राचे गाव नव्हे. बालाघाटाच्या पायथ्याशी वसलेले, श्रीभगवंताच्या मंदिरामुळे वारकऱ्यांच्या यात्राक्रमात स्थान मिळालेले, ज्वारी, तूर आणि हरभरा यांच्या आडतीवर वाढलेले आणि १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या अडीच फुटी लाइट रेल्वेने बार्शी रोडशी, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीशी, जोडले गेलेले हे गाव किनाऱ्यापासून इतके दूर आहे की, येथील सामान्य गृहस्थाच्या ताटात समुद्र आला तो पिढ्यान्‌पिढ्या वाळलेल्या स्वरूपातच आला. आठवडे बाजाराच्या कडेला पोत्यावर मांडलेले सुके बोंबील, सुकट आणि जवळा हे जिन्नस तव्यावर कोरडे भाजून, लसूण-तिखटाबरोबर खलबत्त्यात कुटून, कडक भाकरीशी खाल्ले जात. आणि कोकणातील मनुष्य ज्याची पावसाळ्यापुरती बेगमी करतो तेच आम्हा देशावरच्यांचे बारमाही मत्स्यान्न होते. त्या अन्नाला कमी लेखण्याचे कारण नाही. भाजलेल्या बोंबलाचा खमंगपणा आणि ज्वारीच्या भाकरीचा किंचित गोडवा यांचा मेळ ज्याने चाखला आहे त्याला देशावरील स्वयंपाकाची सारी समज त्या एका घासात सापडते.

ताज्या माशाचा मामला मात्र १९८० नंतर बदलला. भीमेवरील उजनी धरण पुरे झाले, यशवंतसागर या नावाने ओळखला जाणारा, सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणारा प्रचंड जलाशय निर्माण झाला, करमाळा आणि इंदापूर या तालुक्यांतील कित्येक गावांची काळीभोर जमीन त्याच्या पोटात गेली, आणि ज्यांची शेती बुडाली त्यांपैकी अनेकांनी, पिढीजात भोयांच्या जोडीने, त्याच पाण्यावर होडी घालून पोट भरण्याची तजवीज केली. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी ही नावे आता मासे खाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहेत. कटला, रोहू आणि मृगल हे पाळीव वंशाचे मोठे मासे. मरळ आणि वाम हे नदीचे जुने रहिवासी. आणि १९५२ साली भारतात आणलेली, मूळची आफ्रिकेची, कोणत्याही पाण्यात तग धरणारी व म्हणूनच देशी माशांना जड गेलेली चिलापी, असा सारा परिवार उजनीत नांदतो. बार्शीहून हे पाणी साठ किलोमीटरच्या आसपास. पहाटे जाळ्यातून निघालेला मासा दुपारच्या आत आमच्या चुलीपर्यंत पोहोचू शकतो ही गोष्ट आमच्या आजोबांना खरी वाटली नसती.

त्याच सोलापूर जिल्ह्यात, याच कालखंडात, दुसरी एक घडामोड होत होती. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतील वेलींचे डोळसपणे निरीक्षण करून सोनाका आणि शरद सीडलेस यांसारखी खाण्याच्या द्राक्षांची वाणे निवडली, वाढविली आणि महाराष्ट्रभर पोहोचविली. दुष्काळी म्हणून दप्तरी नोंद असलेल्या मुलखात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आणि २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर, अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील बंधू, सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी एकत्र येऊन माळशिरस तालुक्यातील मोटेवाडीच्या परिसरात खास वाइनच्या द्राक्षांची लागवड केली व फ्रातेल्ली या नावाने वाइन तयार करण्यास प्रारंभ केला. टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी तिला आकार दिला. बार्शीहून मोटेवाडी शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे ज्या जिल्ह्याचे आम्ही रहिवासी, त्याच जिल्ह्याच्या पाण्यातील मासा आणि त्याच जिल्ह्याच्या मातीतील द्राक्षरस आमच्या हाताशी आहेत. आणि तरीही बार्शीच्या सुशिक्षित घरात मासा केला जातो तो झणझणीत काळ्या रश्श्यात बुडवून, आणि वाइनचे नाव निघाले तर एक तर आवाज खाली येतो किंवा उगाच वर चढतो. या दोन्ही प्रकारांविषयी मला काही निश्चित सांगावयाचे आहे. मासा साधेपणाने शिजवावा. वाइन प्यावयाचीच असेल तर ती जेवणाचा गौण भाग म्हणून, घरच्या माणसांत, दिव्याच्या उजेडात, लपविल्याशिवाय आणि मिरविल्याशिवाय प्यावी. आणि ज्या घराला ती नको असेल त्या घराच्या नकाराचा पूर्ण सन्मान व्हावा.

हे परदेशी खूळ आहे, असा आक्षेप प्रथमच येईल म्हणून त्याचा विचार आधी करतो. बार्शीच्या पूर्वेला, एका सकाळी जाऊन येण्याजोग्या अंतरावर, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. प्राचीन तगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या दस्तऐवजात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचा व तेथून कापडाचे गठ्ठे गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेले जात असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि त्याच दस्तऐवजात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची जी यादी आहे तीत इटलीची वाइन अग्रभागी आहे. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले, तेरच्या वस्तुसंग्रहालयात रोमन संपर्काच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या मुलखात इटलीचे मद्य कुंभांत भरून बैलगाडीने येई, त्याच मुलखात इटलीचे लोक स्वतः येऊन आमच्या रयतेबरोबर वेली लावतात, हा इतिहासाचा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो.

माशाचेही तसेच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मासे पकडण्याच्या विनोदावर सविस्तर विवेचन आहे आणि अन्नभोगाच्या प्रकरणात मासा शिजविण्याची रीतही आहे: तुकडे करून स्वच्छ धुवावेत, चिंचेच्या पाण्यात मुरवावेत, पीठ लावून तापल्या तेलात तांबूस होईपर्यंत तळावेत, वर सैंधव, मिरे आणि वेलदोड्याची पूड घालावी. त्यात मिरचीचा मागमूस नाही, कारण मिरची या भूमीवर यावयास अजून सुमारे चार शतके अवकाश होता. दख्खनच्या पठारावरील राजाच्या मुदपाकखान्यातील ही कृती समुद्रकाठची नव्हे, नदीकाठची आहे. आणि बार्शीच्या आजच्या गृहिणीला किंवा गृहस्थाला तीत फेरफार फारसा करावा लागणार नाही.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळतो, कारण खरी गोडी तेथेच आहे. मासा निवडणे हे अर्धे काम आहे आणि ते सकाळीच केले पाहिजे. बर्फाच्या पेटीतून आलेली सुरमई किंवा पापलेट आता बार्शीतही मिळतात, आणि ज्याला समुद्राचाच मासा हवा त्याने ते जरूर घ्यावेत; पण शेकडो किलोमीटर बर्फात प्रवास केलेल्या सुरमईपेक्षा साठ किलोमीटरवरून आलेली मरळ अधिक ताजी असते हे साधे गणित आहे. मरळीला हवेतून श्वास घेता येतो. त्यामुळे पाण्याच्या टोपात ती जिवंतच बाजारात येते आणि तिच्या ताजेपणाविषयी वेगळा पुरावा लागत नाही. इतर माशांची मात्र परीक्षा करावी. “मावशी, जरा कल्ला उचलून दाखवा,” असे म्हटल्यावर जी मावशी “बघा की दादा, पहाटंचाच हाय,” म्हणत बेधडक कल्ला उघडून आतला लालभडक रंग दाखविते तिच्यावर इतबार ठेवावा. डोळा फुगीर व पाणीदार असावा, बोटाने दाबलेले मांस तत्काळ वर यावे, आणि वास पाण्याचा असावा, माशाचा नव्हे. रोहू-कटल्यात बारीक दुहेरी काटे फार. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर एका काट्याची मरळ किंवा पांढऱ्या मांसाची चिलापी बरी. वाम चविष्ट खरी, पण तिची कातडी सोलून घेण्याचे कसब विक्रेत्यापाशी असते, ते त्यालाच करू द्यावे.

गोड्या पाण्याच्या माशाविषयी सर्वांत मोठी तक्रार म्हणजे त्याचा चिखलट वास, आणि याच तक्रारीपायी आमच्याकडे त्याच्यावर मसाल्याचे थर चढविले जातात. या वासाचे कारण शास्त्राला ठाऊक आहे. साठलेल्या पाण्यातील काही निळे-हिरवे शेवाळ आणि सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, ते माशाच्या कातडीखालील चरबीत साठते, आणि पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही हेच द्रव्य असते. आम्लाने ते विघटित होते. म्हणून राजा सोमेश्वराची चिंच, कोळिणीचे कोकम आणि आमच्या घरातले आंबट ताक ही तिन्ही एकाच रोगावरची औषधे होत. पोटातील काळा पापुद्रा बोटाने घासून पूर्ण काढावा, तुकड्या जाड मिठाने चोळून धुवाव्यात, मग आंबट ताकात किंवा चिंचेच्या पातळ कोळात अर्धा तास ठेवाव्यात. एवढे केल्यावर उरतो तो माशाचा स्वतःचा स्वच्छ, मृदू, किंचित गोड स्वाद. आणि तो मिळाला की, काळा मसाला किंवा येसर यांची त्या संध्याकाळपुरती गरज राहत नाही. येसराविषयी माझ्या मनात परम आदर आहे. मटणाच्या आणि शेंगदाण्याच्या रश्श्यात त्याला पर्याय नाही. परंतु तो जेथे जातो तेथे त्याचाच अंमल चालतो.

पुढची कृती थोडक्यात अशी. तुकड्या निथळून, कोरड्या फडक्याने टिपून घ्याव्यात. हळद, मीठ, आले-लसणाचे वाटण, लिंबाचा रस आणि रंगापुरते तिखट लावून त्या पंधरा-वीस मिनिटे मुरू द्याव्यात. कोकणात यावर रवा किंवा तांदळाची पिठी लावतात. आपण बार्शीत आहोत, घरात मालदांडी ज्वारीचे पीठ आहे, तेच चिमूटभर मिऱ्याची पूड घालून लावावे. लोखंडी तवा चांगला तापू द्यावा, करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल सोडावे, ते धुरकट होण्याच्या बेताला आले की, तुकडी अलगद ठेवावी, आणि त्यानंतर तिला हात लावू नये. सगळी फसगत येथेच होते. तुकडी ठेवताक्षणी ती तव्याला धरते, अधीर हात उलथणे घालून तिला उचलू पाहतो आणि कातडी तव्यावर राहते. तीन-चार मिनिटे धीर धरला तर ज्वारीचे पीठ तांबूस, कुरकुरीत होते, कडेने तेलाचे बारीक बुडबुडे मंदावतात आणि तुकडी आपणहून सुटते. मग एकदाच उलटावी, दुसरी बाजू त्याहून कमी वेळ भाजावी, आणि काट्याजवळचे मांस पारदर्शक न राहता दुधासारखे पांढरे झाले की खाली उतरवावे. माशाची डोकी आणि शेपट्या उरतात त्यांचे पाणीदार कालवण करावे: लसूण-जिऱ्याची फोडणी, हिरव्या मिरच्या मोडून न घालता अख्ख्या, चिंच, कोथिंबीर, आणि सूर्यास्तानंतरच्या थंडाव्यात वाफाळता भात. सोबत ज्वारीची भाकरी, कांद्याची पातळ चकती, काकडीची कोशिंबीर. एवढ्याने चार माणसांचे उत्तम जेवण होते.

आता वाइन. माशाबरोबर पांढरी आणि मटणाबरोबर तांबडी, हा संकेत अनेकांना ठाऊक असतो पण त्याचे कारण सांगितले जात नाही, आणि कारणाशिवाय सांगितलेला संकेत म्हणजे नुसता दिमाख. तांबडी वाइन द्राक्षाच्या सालीसह आंबवितात, त्यामुळे तीत सालीचा तुरटपणा उतरतो. हा तुरटपणा मांसातील चरबीशी जुळतो, पण नाजूक माशाशी जुळत नाही. २००९ साली जपानी संशोधकांनी असेही दाखवून दिले की, वाइनमधील लोहाचे प्रमाण अधिक असले म्हणजे माशाबरोबर तोंडात उग्र, शिळ्या माशाची चव मागे राहते, आणि तांबड्या वाइनींत ते बहुधा अधिक असते. पांढऱ्या वाइनचे बळ तिच्या आम्लतेत आहे. तळलेल्या तुकडीवर आपण लिंबू पिळतो ते ज्या हेतूने, त्याच हेतूने ती घोट-घोट घ्यावयाची: जिभेवरील तेल साफ व्हावे आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागावा. हिरवट, लिंबू-पेरूच्या गंधाची सोव्हिन्याँ ब्लाँ तळलेल्या मरळीशी उत्तम. कालवणात थोडे तिखट उतरले असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ अधिक बरी, कारण मद्यार्क मिरचीचा दाह वाढवितो आणि गोडवा तो शमवितो. याच कारणाने झणझणीत रश्शाबरोबर कडक मद्य पिण्याचा ढाब्यांवरील प्रघात रसनेच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. तेथे तिखट मद्याला मारते, मद्य तिखटाला भडकविते, आणि मासा बिचारा दोघांच्या भांडणात नाहीसा होतो. सुक्या बोंबलाच्या चटणीशी मात्र कोणतीच वाइन ठेवू नये. तिच्याबरोबर ताक.

वाइनचे हे आम्ल आमच्या हवेत टिकविणे सोपे नाही, आणि सोलापूर जिल्ह्यातील द्राक्षशेतीचे कौतुक मला वाटते ते यासाठी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि शरदात एकदा फळतो. आमच्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून शेतकरी एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करतो, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून फळ घेतो, आणि हिवाळ्याच्या थंड रात्रींचा जेवढा काळ मिळेल तेवढ्यात, फेब्रुवारी-मार्चचे ऊन चढण्यापूर्वी, घड उतरवितो. उशीर झाला तर साखर वाढते आणि आम्ल उतरते. वाइनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षाप्रमाणे टपोरे आणि बिनबियांचे नसते. ते लहान, बियांचे, जाड सालीचे असते, आणि बाजारात कोणी ते पसंत करणार नाही. ज्या शेतकऱ्याने ते लावले त्याच्या मालाला वाइनच्या कारखान्याखेरीज गिऱ्हाईक नाही हे त्यामुळे ध्यानात घेतले पाहिजे. २००८-०९ च्या मंदीनंतर नाशिककडील कित्येक शेतकऱ्यांना आपल्या वाइनच्या वेली उपटून टाकाव्या लागल्या त्या याच कारणाने. वाइन शेतकऱ्याला तारील, असे सरसकट विधान जे करतात त्यांनी तो काळ आठवावा.

पेल्याच्या मर्यादेविषयी मी अधिक आग्रहाने लिहितो, कारण बार्शीचा रहिवासी म्हणून ते माझे कर्तव्य आहे. आमच्या गावाची एक ओळख अशी आहे की जिचा गाजावाजा होत नाही. ग्रामीण भारतातील पहिली कर्करोग नोंदवही १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यापाड्यांत जाऊन, कोणाला कोणत्या अवयवाचा कर्करोग झाला याची गावनिहाय नोंद करण्याचे हे काम गावातील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने वर्षानुवर्षे निष्ठेने चालले आहे. ज्या गावाने ही नोंद ठेवली त्या गावात बसून मद्याविषयी गुळमुळीत लिहिणे मला शक्य नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले की, मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे निर्धोक नाही. वाइन हृदयाला हितकर असते, म्हणून रोज घ्यावी, हा जो समज मधल्या काळात पसरला तो टाकून दिला पाहिजे. वाइन औषध नाही. तिच्यात बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो, आणि ती घ्यावयाची ती केवळ जेवणाच्या आनंदासाठी, धोका ठाऊक असताना, एक लहान पेला, क्वचित, भरल्या पोटी. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत असे पाच-सहा पेले होतात. चार प्रौढ माणसे जेवावयास बसली तर बाटली संपविण्याचे बंधन नाही, घट्ट बूच लावून ती शीतकपाटात दोन-तीन दिवस चांगली राहते. ज्याला गाडी चालवून परत जावयाचे आहे त्याने, गर्भवतीने आणि कायद्याने ज्याचे वय झालेले नाही त्याने एक थेंबही घेऊ नये.

आणि काही घरांत ती मुळीच येऊ नये. आमच्या तालुक्यातील, आमच्या जिल्ह्यातील कित्येक स्त्रियांनी दारूपायी घर उद्ध्वस्त होताना पाहिले आहे. शेतमजुरीचे पैसे गुत्त्यावर गेले, अंगावर वळ उठले, मुलांची शाळा सुटली. महाराष्ट्राच्या अनेक गावांत स्त्रियांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकाने बंद पाडली तो केवळ नीतीचा उमाळा नव्हता, तो अनुभवाचा निकाल होता. अशा घरातील आई किंवा पत्नी वाइनच्या पेल्यालाही नको म्हणत असेल, तर तिचा शब्द अंतिम मानला पाहिजे. तेथे इटली, आम्लता आणि मानसोल्लास यांचा दाखला देणे हा उद्धटपणा होय. माळकरी घराचेही तसेच. द्वादशीच्या व्रतासाठी प्रसिद्ध असलेल्या राजा अंबरीषाशी ज्या भगवंताची कथा जोडलेली आहे त्याच्या गावात निर्मद्य आणि निरामिष जीवन जगणाऱ्या माणसांची परंपरा मोठी आहे, आणि त्यांच्या आचरणातील संयमाने गावाला जे स्थैर्य दिले आहे त्याचे ऋण आम्ही मासे खाणाऱ्यांनी कबूल केले पाहिजे. आषाढी आणि कार्तिकी एकादशीला राज्यात मद्यविक्री बंद असते. पावसाळ्यात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, माशांच्या विणीच्या काळात सरकार यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी करते, आणि त्यापाठोपाठ अनेक घरांत श्रावण पाळला जातो. नदीतील रोहू-कटलाही याच दिवसांत, पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. म्हणून आषाढापासून श्रावणाच्या अखेरपर्यंत मत्स्यभोजन थांबविणे हा धर्माचा आणि निसर्गाचा एकाच दिशेने दिलेला हुकूम आहे, असे मी मानतो, आणि ज्याला धर्म मान्य नाही त्यानेही निसर्गासाठी तो पाळावा.

राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी, हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्षांनी रान उठविले, आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वेळी चर्चा झाली ती केवळ दोन टोकांची: एका बाजूला शेतकऱ्यांचा उद्धार, दुसऱ्या बाजूला संस्कृतीचा विनाश. मला तो निर्णय मान्य नव्हता, आणि तो या दोन्हींपेक्षा वेगळ्या कारणाने. साखर, चहा आणि मुलांच्या वह्या यांच्या शेजारी वाइन मांडली म्हणजे ती नित्याची वस्तू होते. आणि ज्या वस्तूचा सारा चांगुलपणा ती क्वचित व विचारपूर्वक घेण्यात आहे ती नित्याची होणे हेच तिचे अधःपतन आहे. परवानाधारक दुकानापर्यंत मुद्दाम जाणे, विचारून एक बाटली घेणे, घरी येऊन कोणाबरोबर व कशाबरोबर ती उघडावयाची हे ठरविणे, एवढा खटाटोप त्या पेल्याच्या मागे असलाच पाहिजे.

मात्र परवानाधारक दुकानाने आपले काम नीट केले पाहिजे, आणि येथे मला एक रास्त मागणी करावयाची आहे. सोलापूर जिल्ह्याचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली, उन्हाच्या तोंडी असलेल्या फळीवर, महिनोन्‌महिने उभी ठेवलेली पांढरी वाइन उकडून निघते. तिचा रंग पिवळसर-तपकिरी होतो, गंध मरतो, आणि ती प्रथमच चाखणारा मनुष्य असे म्हणतो की वाइन म्हणजे नुसते आंबट पाणी. दोष अकलूजच्या वेलीचा नसतो, फळीचा असतो. परवाना देणाऱ्या उत्पादन शुल्क खात्याने आणि विकणाऱ्या दुकानदाराने वाइनसाठी थंड, अंधाऱ्या जागेचा बंदोबस्त करावा. घेणाऱ्यानेही बाटलीवरील वर्ष वाचावे. साधी पांढरी वाइन जितकी नवी तितकी बरी. घरी ती आठ ते दहा अंशांपर्यंत गार करावी. शीतकपाटात तीन तास पुरतात, आणि घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून पाव तास बाटली बुडवून ठेवली तरी काम होते. पेल्यात बर्फ टाकू नये, त्याने आम्लच पातळ होते. लांब दांड्याच्या काचेच्या पेल्याचा हट्ट नको. स्वच्छ धुतलेला, साबणाचा वास नसलेला साधा काचेचा पेला चालतो.

मासळीच्या बाबतीतही मागणी तेवढीच साधी आहे. उजनीकाठचा मच्छीमार रात्रभर पाण्यावर असतो आणि त्याची किंवा त्याच्या घरच्या बाईची सकाळ रस्त्याच्या कडेला, उन्हात, गोणपाटावर मासे मांडून जाते, असे चित्र जिल्ह्यात जेथे जेथे दिसते तेथे तेथे नगरपरिषदांनी आणि ग्रामपंचायतींनी त्यांना धुता येईल असा ओटा, वर सावली, नळाचे पाणी आणि रास्त दराने बर्फ द्यावा. तसे झाले तर मासा ताजा मिळेल, त्याचा चिखलट वास झाकण्यासाठी मसाल्याचे ओझे लागणार नाही, आणि विकणाऱ्याला दुपारी उरलेला माल पडत्या भावाने फुंकून टाकावा लागणार नाही. या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी मासा चालतो त्यांनी येत्या रविवारी सकाळी लवकर बाजारात जावे, घासाघीस न करता एक चांगली मरळ घ्यावी, ती ज्वारीच्या पिठात तळावी, आणि वाइन घरात आणण्यापूर्वी घरातल्या सर्वांना, विशेषतः बायकांना, तिच्याविषयी मोकळेपणाने विचारावे. एकानेही नको म्हटले तर मरळीबरोबर लिंबाचे थंड सरबत घ्यावे.